मीठ कुणाच्या घरचं

मिडलकोम्ब गावात डॉर्कस हेंब्रोचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ती क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातली, आणि क्वेकर माणूस न्यायाधीशासमोरसुद्धा शपथ घेत नाही. शपथेवर खरं बोलायचं म्हणजे एरवी खोटं बोलायला मोकळीक, असं त्यांचं म्हणणं. ही मंडळी लहानथोर सगळ्यांना 'तू' म्हणणार, जहागीरदार समोर आला तरी टोपी उतरवणार नाहीत, आणि गावच्या चर्चला 'कळसघर' म्हणून नाक मुरडणार. त्यांच्यात पाद्री नाही, घंटा नाही, मेणबत्ती नाही. सभेत बाकांवर गप्प बसायचं. कुणाला आतून बोलावंसं वाटलं तर त्यानं उठून बोलायचं, नाहीतर तासाभरानं हात मिळवून घरी जायचं. साऱ्या सॉमरसेट परगण्यात इतकी सरळ माणसं नव्हती, आणि हे त्यांना स्वतःलाही चांगलंच ठाऊक होतं.

डॉर्कस विधवा. अक्षर मोत्यासारखं, म्हणून त्यांच्याच समाजातल्या जोसाया पिनॉकची कागदपत्रं ती उतरवून द्यायची. जोसाया मोठा विद्वान. दूरदूरच्या लोकांच्या चालीरीतींवर तो जाडजूड ग्रंथ लिहीत होता. बेटांवरून, जंगलांतून मिशनऱ्यांची पत्रं यायची आणि हा गृहस्थ शेकोटीपाशी बसून उंटावरून शेळ्या हाकायचा. माणूस शिडी चढत आलाय, असा त्याचा सिद्धांत. खालच्या पायरीवर भुतंखेतं, मधल्या पायरीवर मूर्ती, धूप, घंटा. सगळ्यात वर काय आहे ते त्यानं कुठं लिहिलं नव्हतं, पण वाचताना डॉर्कसला ती पायरी दिसायची. तिथं एक साधा लाकडी बाक होता आणि त्यावर माणसं गप्प बसली होती. तिला ते आवडायचं. तू वरच्या पायरीवर आहेस असं विद्वान माणूस सांगत असेल, तर खाली कशाला बघायचं?

एका सकाळी जोसायाला जवळपासची उदाहरणं हवी होती.

"खालच्या पायरीवरचा चिखल बुटाला चिकटून वर येतो, डॉर्कस. तसा चिखल इथंही असणार. तुला काही माहीत आहे?"

"मेलेल्याच्या छातीवर मिठाची बशी ठेवतात," ती बोलून गेली.

"कोण ठेवतं?" त्यानं मान वर केली. "आपल्यातलं तर कुणी नसणार."

नऊ वर्षांपूर्वी डॉर्कसची लेक रोडा घटसर्पानं गेली होती. सहा वर्षांची पोर. शेजारची जेमायमा व्हाउल्स साऱ्या गावाची प्रेतं न्हाऊमाखू घालायची, तिनंच रोडाचे केस विंचरले. तेवढ्यात डॉर्कस स्वयंपाकघरातून मिठाची बशी घेऊन आली होती.

"अगं डॉर्कस, तुमच्यात हे चालत नाही ना?" जेमायमा दचकलीच.

"ठेव."

"तुझी ती गप्प बसणारी माणसं बोलून बोलून माझा जीव खातील."

"ठेव म्हणते ना. माझा हात थरथरतोय. माझ्या पोरीला काही शिवायला नको."

जेमायमानं बशी ठेवली, आणि क्वेकर मंडळी दारात यायच्या आत उचललीही. "मी कुणाला सांगायची नाही," ती म्हणाली. "आम्ही कळसघरवाल्या. आम्हाला थोडं खोटं पचतं."

आणि आता जोसाया लेखणी बुडवून वाट बघत होता.

"जेमायमा व्हाउल्सनं ठेवलेली मी डोळ्यांनी पाहिली," डॉर्कस म्हणाली. "एका पोरीच्या छातीवर."

शब्द एकही खोटा नव्हता. असं खोटं फक्त क्वेकर माणसालाच जमतं. तुमच्याआमच्यासारखा सरळ थाप मारून मोकळा झाला असता.

ग्रंथ छापून आला. त्यात होतं: मिडलकोम्ब गावी प्रेतं न्हाऊ घालणारी, चर्चला जाणारी जे. व्ही. नावाची स्त्री हा रानटी काळचा अवशेष अजून जपते. ज्यांची भक्ती अंतरीच्या प्रकाशावर चालते त्या क्वेकरांत असलं काही उरलेलं नाही. छापखान्यात गेलेली प्रत डॉर्कसच्याच मोत्यासारख्या अक्षरातली होती.

गावात जे. व्ही. म्हणजे कोण हे शेंबड्या पोरालाही कळलं. नवा पाद्री तरुण, पुस्तकं वाचणारा. त्यानं प्रवचनात पुस्तक उंचावून दाखवलं, आपल्या गावाची लाज निघाली म्हणाला, आणि मिठाची बशी बंद केली. लोकांनी पुढची पायरी गाठली, जेमायमालाच बंद केलं. वसंतात लोहार इनॉक स्टकीची म्हातारी आई वारली. जेमायमा बाह्या सारून त्याच्या दारी गेली, तर इनॉकनं उंबऱ्यावरच अडवलं. "मावशी, नको. लोक नावं ठेवतात." पलीकडच्या गावची बाई आणली. ज्या बाईच्या हातून निम्मं गाव मातीला गेलं, ती दारात बसून नुसती रस्त्याकडे बघू लागली.

खाई त्याला खवखवे. डॉर्कस तिच्याकडे पाव घेऊन गेली, सफरचंदं घेऊन गेली. जेमायमा घ्यायची, पण बघायची नाही. एका शब्दानं ती डॉर्कसला गावासमोर उघडं पाडू शकली असती. तिनं तो शब्द काढला नाही, आणि डॉर्कसला तेच सोसवेना. तिची झोप गेली, अन्न जाईना. आपण चोर आहोत, आणि ज्याच्या घरी चोरी केली तोच आपल्याला पाठीशी घालतोय, हे तिला दिवसातून दहादा आठवायचं.

शेवटी एका पहिल्या दिवशी, म्हणजे तुमच्या रविवारी, ती सभेत उठली. "ती पोर माझी होती," ती म्हणाली. "बशी माझी, मीठ माझं. जेमायमा नको म्हणत होती." मग ती खाली बसली. कुणी काही बोललं नाही. त्यांच्यात बोलत नाहीत.

बाहेर पडल्यावर जोसाया जवळ आला. डोळे पाणावलेले, माणूस वाईट नव्हता. "डॉर्कस, तू फार सोसलंस. दुसऱ्या आवृत्तीत मी टीप घालीन, की शोकाच्या भरात एका मातेनं शेजारणीकडून ही चाल उचलली."

"उचलली नाही, जोसाया. माझी आजी करायची."

"तिनंही शेजारणीकडूनच उचलली असणार," तो मायेनं म्हणाला.

डॉर्कस तशीच जेमायमाकडे गेली आणि सभेत सगळं सांगितल्याचं तिला सांगितलं. जेमायमा वाटाणे सोलत होती.

"किती माणसं होती?"

"एकोणतीस."

"त्यातलं कुणी मला दारातून हाकललं होतं का?"

"नाही."

"मग त्यांना कशाला सांगितलंस? तुझं मन हलकं झालं, छान झालं. माझी माणसं त्या डोंगराखालच्या घरात बसतात, जिथं घंटा वाजते. तिथं तर तुम्ही पाय ठेवत नाही. बाटाल ना!" तिनं मूठभर टरफलं कोंबड्यांना टाकली. "जा आता. आणि उद्या पाव आणू नकोस."

पुढच्या रविवारी डॉर्कस कळसघरात शिरली. तिच्या घराण्यातल्या कुणीही दोनशे वर्षांत तो उंबरा ओलांडला नव्हता. पणजोबा तर चर्चकर द्यायला नकार देऊन तुरुंगात गेला होता. लोक गुडघे टेकायचे तेव्हा ही उभी, लोक उठायचे तेव्हाही उभीच. प्रवचन संपलं आणि ती बोलायला लागली. सभेत बोलली होती तेच सगळं, फक्त या वेळी आवाज चिरकत होता.

"बाई, खाली बसा," पाद्री म्हणाला. "इथं असं मध्येच बोलायची रीत नाही."

"मला ठाऊक आहे. मी बसणार नाही. जेमायमाचा यात काही दोष नाही. पुस्तकात तिचं नाव मी घातलं, माझं लपवायला."

मागच्या बाकावर जेमायमा मान खाली घालून बसली होती. इनॉक लोहार उठला. धिप्पाड माणूस, पण आवाज पोरासारखा झाला होता.

"आईनं शेवटच्या दिवशी दोनदा मागितलं," तो म्हणाला. "मावशीला बोलाव, म्हणाली, बशी ठेवायला सांग. मी नाही बोलावलं. दारात आली तर परत धाडली." तो डॉर्कसकडे वळला. "मी माझ्या आईला तशीच पुरली. कुणामुळे?"

पाद्रीनं प्रार्थनेचं पुस्तक मिटलं. डॉर्कसला उत्तरं पुष्कळ सुचत होती, आणि त्यांतलं एकही खोटं नव्हतं. पुस्तक जोसायाचं होतं, बंदी पाद्रीची होती, दार इनॉकनं स्वतः लावलं होतं.

"माझ्यामुळे," ती म्हणाली.