'किरकोळ बदल' मधल्या तीन फायली

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्याच्या माळ्यावर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस आहे. माणसं तीन, त्यामुळे साहेब कंपनीला 'ग्लोबल' म्हणतात. खालच्या कारखान्यातल्या कटिंगच्या मापांच्या चिठ्ठ्या आमच्याच प्रोग्रॅममधून निघतात.

कोडमधला बदल जतन करताना, म्हणजे कमिट करताना, काय बदललं ते एका ओळीत लिहायचं असतं. आमच्याकडे 'फायनल', 'फायनल दोन', 'आता खरंच फायनल' असलं थोर वाङ्मय निपजतं. मी आपली सभ्य. मी 'किरकोळ बदल' लिहिते.

एका सकाळी खाली बोंबाबोंब. चौतीस कंबरेच्या पँटींचा अख्खा लॉट बत्तीसच्या मापाने कापला गेला होता. कारखान्याच्या शेठनी कटिंग मास्तरांना उद्यापासून येऊ नको म्हणून सांगून टाकलं. मास्तर अंबरनाथहून येतात, केस इथल्याच कटिंगच्या टेबलावर पिकलेत. चिठ्ठीत होतं तेच कापलं, एवढंच ते म्हणत होते. आमच्या साहेबांनी जिन्यातूनच निवाडा दिला की कॉम्प्युटर चुकत नाही. वा!

मास्तर वर आले, एकदा बघा म्हणाले आणि खाली जाऊन बसले. म्हाताऱ्याचा चष्मा बदलायला झालाय, याची मला खात्रीच होती. तरी उपकार केल्यासारखं मी शेवटचं कमिट उघडलं. नाव माझं, ओळही माझीच, 'किरकोळ बदल'. पण मी तर फक्त चिठ्ठीवरचा लोगो बदलला होता! मग त्यात कोणकोणत्या फायली बदलल्या, त्यांची नुसती नावं मागवली. तीन आली. लोगो, चिठ्ठीची मांडणी आणि मापांचा तक्ता. चाचणीसाठी चौतीसच्या जागी बत्तीसचं माप टाकलं होतं, ते तसंच राहिलं. आणि फायली निवडत बसायचा कंटाळा, म्हणून बाईंनी, म्हणजे मीच, सगळ्या एकदम कमिटमध्ये ढकलल्या होत्या.

साहेब म्हणाले, गुपचूप दुरुस्त कर, मास्तर थोडेच कमिटच्या नोंदी वाचायला येणारेत. मी त्या तीन फायलींची यादी छापली आणि खाली गेले. शेठसमोर, मास्तरांसमोर सगळं सांगितलं.

शेठ गोड हसले. "जाऊ द्या मॅडम, होतं असं. चहा घ्या." मग मास्तरांना म्हणाले, चल, लाग कामाला.

मास्तर उठले नाहीत. "शेठ, होतं असं, हे सकाळी मला का नाही म्हणालात?"

शेठ फोनमध्ये बघायला लागले. मास्तर उठले, कात्री उचलून टेबलाकडे गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात चहा आला. एकच कप होता, माझ्यासाठी.