आडनावाचा पुतण्या

कारखान्यात त्याला सगळे पुतण्या म्हणायचे. काका कोण, तर मोठे साहेब, म्हणजे खुद्द कारखान्याचे मालक. आणि या काका-पुतण्यांचं नातं काय, तर दोघांचं आडनाव एक. बस्स, एवढंच. पुतण्याचे वडील सुतार होते. हत्यारांची पेटी खांद्यावर टाकून ते नदीपलीकडून या शहरात आले आणि आडनाव येताना सोबतच घेऊन आले, इथे कुणाकडून उसनं मागितलं नव्हतं. पण हे ऐकून घ्यायला वेळ कुणाला आहे? केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले, तरी हा आपला पुतण्याच.

तसा त्या आडनावाचा शहरात नुसता सुळसुळाट होता. पूल त्या आडनावाचा, इस्पितळ त्या आडनावाचं, मुलींची शाळा त्या आडनावाची. हे सगळं मोठ्या साहेबांच्या घराण्याने बांधलेलं. पण त्याच आडनावाची एक गल्ली होती, ती कुणा जुन्या न्यायाधीशाची. दुकानांत त्या आडनावाचं एक कुलूप मिळायचं, ते भलत्याच शहरात तयार व्हायचं. बाजारातला दातांचा डॉक्टरही त्याच आडनावाचा. त्याने पाटीवर आडनाव एवढं मोठं रंगवलं होतं की लोक आपोआप समजायचे काय समजायचं ते, आणि तो ताकास तूर लागू न देता दात उपटायचा. एकदा पेपरात एका भामट्याची बातमी आली. आडनाव तेच. त्या दिवशी मोठ्या साहेबांकडे कुणी वाकड्या नजरेने पाहिलं नाही, पण पुतण्याला मात्र दोघा-तिघांनी विचारलं, 'तुमच्यातला का हो?' बरी गंमत आहे. पूल म्हटलं की तो त्यांचा, आणि भामटा म्हटलं की तो याचा.

कारखाना पाण्याच्या पंपांचा. पंपाच्या लोखंडी अंगावर मालकांचं आडनाव उठावाच्या अक्षरांत असायचं. साच्यातून निघालेलं लोखंड ओबडधोबड असतं. कडांना पातळ झालरी लटकत असतात, अक्षरांच्या पोटात वाळू अडकलेली असते. ते घासून-तासून साफ करायच्या खात्याला फेटलिंग म्हणतात. पुतण्या त्या खात्यात. कडा ग्राइंडरने उडवता येतात, पण अक्षरं कानशीनेच साफ करावी लागतात, नाहीतर ग्राइंडर जरा घसरला की अक्षराचा काना गेलाच. 'घरचं नाव आहे, घरच्यानेच सांभाळावं,' असं म्हणून एका जुन्या फोरमनने थट्टेत हे काम त्याच्या गळ्यात घातलं, ते पुन्हा सुटलं नाही. उभा जन्म हा माणूस स्वतःचंच आडनाव घासत बसला आणि ते दुसऱ्याच्या नावाने विकलं गेलं.

पण खरं दुखणं हे नव्हतं. थट्टेला कोण रडतो?

खरं दुखणं असं की दोन्हीकडच्यांनी ते आडनाव मनावर घेतलं होतं. कामगारांची चहाच्या टपरीवर काही कुजबुज चाललेली असली आणि पुतण्या आला, की एकदम हवापाण्याच्या गप्पा सुरू व्हायच्या. संपाची बैठक कुठे, हे त्याला नेहमी बैठक झाल्यावर कळायचं. संप फुटला तेव्हा 'कुणीतरी वर जाऊन सांगितलं' असं बोललं गेलं, आणि ते बोलताना बोलणाऱ्यांचे डोळे याच्याकडे. सगळ्या कारखान्यात याच्यावर विश्वास ठेवणारा माणूस एकच, साचे भरून त्यात लोखंड ओतणारा ओतारी. दोघे एकाच वर्षी कामाला लागलेले, अरे-तुरेतले. 'अरे, याचा बाप माझ्या बापाच्या शेजारी राहायचा,' असं ओतारी ओरडून ओरडून सांगायचा, 'सुतार होता सुतार. याला कुठला आलाय काका?' लोक हसायचे आणि सोडून द्यायचे.

आणि वरचे? वरच्यांचा न्याय तर त्याहून निराळा. फोरमनची जागा पहिल्यांदा रिकामी झाली तेव्हा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत चांगला हात पुतण्याचा होता. मोठ्या साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. समोर बसायलाही सांगितलं.

"तू आमच्यातला नाहीस, हे मला ठाऊक आहे," साहेब म्हणाले. "पण जगाला कोण सांगत बसणार? उद्या लोक म्हणतील, आपल्याच माणसाला चढवला. आपल्या आडनावाच्या माणसाला कारखान्यात मी काही द्यायचं नाही, हा माझा नियम आहे. तू समजून घेशील."

पुतण्याने समजून घेतलं. गरिबाला दुसरं काय जमतं? जागा त्याच्याच हाताखाली शिकलेल्या एकाला मिळाली. काही वर्षांनी तो सोडून गेला आणि जागा पुन्हा रिकामी झाली. या वेळी फोरमन म्हणून आला साहेबांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. सख्खा भाचा. ग्राइंडर कुठल्या हातात धरतात ते त्याला माहीत नव्हतं. पण बहिणीच्या सासरचं आडनाव वेगळं, त्यामुळे साहेबांचा नियम कुठेही मोडला नाही आणि बोट दाखवायला कुणाला जागा उरली नाही. खरा भाचा काचेच्या केबिनमध्ये बसला आणि खोटा पुतण्या बाहेर धुळीत. साहेबांच्या तत्त्वनिष्ठेचं शहरात कौतुक होतं. असणारच.

ती केबिन पुतण्याला मोठेपणासाठी हवी नव्हती, हे सांगितलं पाहिजे. फेटलिंगची धूळ बारीक, पिठासारखी. डोळ्यांना दिसत नाही आणि छातीत जाऊन बसते. गेल्या हिवाळ्यापासून त्याचा खोकला थांबत नव्हता. जिना चढताना मध्येच कठड्याला धरून उभं राहावं लागायचं. तो इस्पितळात गेला. इमारतीवर त्याचंच आडनाव हातभर उंच अक्षरांत, आणि आत हा रांगेच्या शेवटी. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाल्या, "धुळीतून बाहेर पडा. औषधं मी देते, पण धुळीतून बाहेर पडा."

बाहेर पडून जायचं कुठे? या वयात नवी नोकरी कोण देणार? निवृत्तीला अजून काही वर्षं होती आणि सबंध खात्यात धूळ शिरत नाही अशी जागा एकच, ती काचेची केबिन. बायको रात्री त्याच्या पाठीवरून हात फिरवायची आणि काही बोलायची नाही. दिवसा मात्र बोलायची. "एकदा तोंड उघडून मागा ना. तुमच्या तोंडात कुणी बोळा घातलाय का?"

आणि मग वसंतात मोठे साहेब वारले.

कारखाना धाकट्या साहेबांकडे आला. हा मुलगा बरीच वर्षं बाहेर राहून आलेला, सरळ बोलणारा. दुसऱ्याच आठवड्यात तो फेटलिंगमध्ये उतरला, स्वतः धुळीत उभा राहून खोकला आणि पुतण्याला बाजूला घेऊन म्हणाला, "आमचा आतेभाऊ वर ऑफिसात येतोय. केबिन रिकामी होईल. ती मी तुम्हाला द्यायची ठरवली आहे. वडिलांचा तो आडनावाचा नियम मला कधीच पटला नाही. शोकसभा होऊ दे, सोमवारी जाहीर करतो."

पुतण्या घरी आला आणि खुर्चीवर बसून राहिला. बायकोला वाटलं, छातीत दुखतंय. तिला कळलं तेव्हा ती आत जाऊन तोंड धुऊन आली. "आता चार दिवस कुणाशी वाकडं बोलू नका," एवढंच म्हणाली. वाकडं बोलण्याची गरजच पडली नाही. घात व्हायला चांगलं बोलणंही पुरतं.

शोकसभा सभागृहात होती. सगळं शहर लोटलेलं. दारात एक नवा कारकून उभा होता आणि पुढच्या ओळी राखायच्या म्हणून येईल त्याला नाव-आडनाव विचारत होता. पुतण्याने सांगितलं. कारकुनाचा चेहरा एकदम मवाळ झाला.

"इकडून या," तो म्हणाला. "घरची मंडळी पुढे आहेत."

"मी कारखान्यातला आहे," पुतण्या म्हणाला.

"हो हो, कारखाना तुमचाच," असं म्हणत त्याने कोपराला धरून त्याला थेट पहिल्या ओळीत नेऊन बसवलंसुद्धा. बायको मागोमाग आली. तिने त्याची बाही ओढली.

"अहो, उठा. आपली माणसं मागे आहेत."

"भाषण सुरू झालंय. आता उठलं तर बरं दिसणार नाही," तो म्हणाला.

ती एकटीच मागे जाऊन बसली.

उठायला हवं होतं. शहाण्या माणसाने उठायलाच हवं होतं, आणि पुतण्या काही खुळा नव्हता. पण खुर्ची मऊ होती. दोन खुर्च्या सोडून धाकटे साहेब बसले होते, त्यांच्या पलीकडे त्यांची आई. खरा भाचा मागच्या ओळीत होता. जन्मभर या आडनावापायी चपराका खाल्लेल्या माणसाला त्या आडनावाने पहिल्यांदाच बसायला खुर्ची दिली होती. तो बसून राहिला, यात मला तरी नवल वाटत नाही. रागही येत नाही. पोटात तुटतं, एवढंच.

भाषणं संपली आणि लोक ओळीने पहिल्या रांगेसमोरून जायला लागले. हात हातात घेत होते, 'धीर धरा' म्हणत होते. पुतण्यालाही म्हणत होते. माणसाला कुणी धीर धरा म्हणालं की आत काय काय वर येतं. संप, ती टपरीवरची शांतता, तो छातीचा फोटो. त्याचे डोळे भरून आले आणि बघणाऱ्यांना वाटलं, घरचं माणूस आहे, रडणारच. शेवटी एक म्हातारा पंपविक्रेता आला. त्याने पुतण्याला मिठीच मारली.

"तुमच्या काकांनी मला उभं केलं हो," म्हातारा हुंदके देत म्हणाला. "नाहीतर मी रस्त्यावर आलो होतो."

पाठीवर त्या म्हाताऱ्याचे हात होते. आयुष्यभर 'नाही, मी त्यांच्यातला नाही' म्हणून जीभ झिजली होती. त्या दिवशी ती थकली असेल.

"काका होतेच तसे," पुतण्या म्हणाला.

दोन खुर्च्या पलीकडे धाकट्या साहेबांनी मान वळवून पाहिलं. पुन्हा समोर पाहायला लागले.

सोमवारी बोलावणं आलं. पुतण्या धुतलेला शर्ट घालून गेला. या वेळी बसायला कुणी सांगितलं नाही.

"तुम्हाला तिथे कुणी बसवलं?" धाकट्या साहेबांनी विचारलं.

"दारातल्या कारकुनाने, साहेब."

"आणि काका म्हणायला कुणी सांगितलं?"

पुतण्या आपल्या हातांकडे बघत उभा राहिला. नखांतलं लोखंड कितीही धुतलं तरी जात नाही.

"माझी आई शेजारी बसली होती," साहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "वडिलांचा नियम मला खुळचट वाटायचा. आता कळलं, तो त्यांनी का केला होता. तुम्ही कामाला उत्तम आहात. पण माझं आडनाव वापरणाऱ्या माणसाला मी खातं कसं सोपवू?"

माझं आडनाव. पुतण्याला सांगावंसं वाटलं की साहेब, ते माझंही आहे, माझ्या बापाचं आहे, आणि उभ्या जन्मात मी ते एकदाच वापरलं. पण ते बाहेर पडलं नाही. बाहेर पडलं ते भलतंच. "साहेब, धुळीचं काहीतरी बघा."

"नवे मास्क मागवतो," साहेब म्हणाले आणि कागदांकडे वळले.

फेटलिंगमध्ये तो परत आला तेव्हा सगळे गप्प झाले. अर्ध्या खात्याने त्याला सभागृहात पहिल्या ओळीत बसलेलं पाहिलं होतं, उरलेल्यांनी ते ऐकलं होतं. इतकी वर्षं 'नाही नाही' म्हणत होता, आणि बघा, शेवटी रक्त बोललंच, असा एकंदर निकाल लागला होता. त्याच्या काही मनाला लागलं नाही. या लोकांचं त्याला नवीन नव्हतं. त्याने कानस उचलली.

जेवणाच्या सुट्टीत ओतारी आला. पुतण्या त्याचीच वाट पाहत होता. केबिनचं काय झालं, धाकटे साहेब काय म्हणाले, हे कुणापाशी तरी ओकून टाकायचं होतं, आणि असा माणूस जगात हा एकच. तो फळीवर सरकला आणि ओताऱ्याला जागा करून दिली. ओतारी बसला नाही.

"एक काम होतं," ओतारी म्हणाला. "पोरीचं शिक्षण झालंय. टायपिंग येतं तिला. वर ऑफिसात कुठे चिकटवता आलं तर बघा ना."

पुतण्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. हा थट्टा करतोय असं वाटून त्याने हसायची तयारीही केली. पण ओताऱ्याने टोपी काढून हातात धरली होती.

"अरे, मला 'बघा' काय म्हणतोस?" पुतण्या म्हणाला. "मी कोण बघणारा? तुझा बाप माझ्या बापाच्या शेजारी राहायचा ना रे?"

"राहायचा. म्हणून तर हक्काने आलो," ओतारी खालच्या आवाजात म्हणाला. "आता लपवून काय उपयोग? मी स्वतः डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही रडत होतात."

"ते मी..." पुतण्याला खोकल्याची उबळ आली. ती जाईपर्यंत ओतारी अदबीने उभा राहिला. पूर्वी त्याने पाठीत धपका घातला असता.

"उघड बोलायचं नसतं, मला कळतं," ओतारी म्हणाला. "पण शब्द टाका तेवढा."

पुतण्याने तोंड पुसलं. खरं सांगायला अजून उशीर झाला नव्हता, पण समोर टोपी धरून उभा होता तो ते ऐकणारा जुना ओतारी उरला नव्हता.

"बघतो," तो म्हणाला.

संध्याकाळी त्याने बायकोला केबिनचं सांगितलं. ओताऱ्याचं सांगितलं नाही.