धाकट्या बहिणीच्या व्हॅनमधून, धुराड्यांच्या गावांना

दर रविवारी आई पुण्याहून फोन करते आणि माझ्या धाकट्या बहिणीचं कौतुक करते. रेवाने आयटीतली नोकरी सोडली. आता ती लोकांची धुराडी साफ करते. मी चौदा वर्षं कोडिंग करतेय, त्याचं कुणाला काही नाही. म्हटलं, बघू तरी ही काय दिवे लावते. दोन दिवस रजा टाकली आणि इथे कॅनडातल्या मिल्टनहून तिच्या व्हॅनमध्ये बसले.

टोलचा हायवे टाळून पंचवीस नंबरच्या रस्त्याने उतरलात तर हॅमिल्टन पाऊण तासात येतं. ऑक्टोबरात झाडं अशी रंगतात की बहिणीशी भांडायचंही राहून जातं. धपाटे सोबत न्या. वाटेत डोनटशिवाय काही मिळत नाही.

पहिलं घर एका निवृत्त नागपूरकर डॉक्टरकाकांचं, जुनं, विटांचं. धुराडं मध्येच वाकडं. रेवा छपरावर, कमरेला दोर. तिचा ब्रश त्या वळणावर अडकला तो तासभर हलेना. खरं सांगते, मला बरं वाटलं. मग तिने दांडी बदलून वाकणारी लावली आणि ब्रश सरकन खाली आला. काकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी शेवटच्या कधी वाजल्या होत्या, आठवेना.

खाली येऊन ती फायरप्लेसमध्ये डोकं घालणार, तोच मी म्हटलं, “झालं ना? चल, भूक लागलीय.” ती उठली, आम्ही निघालो.

दुसरं काम केंब्रिजला होतं, म्हणून आठ नंबरच्या रस्त्याने जाऊन तिथेच मुक्काम केला. मोटेल टॅक्स धरून सव्वाशे डॉलर; वॉशरूम स्वच्छ, नाश्ता यथातथाच.

नाश्त्यालाच काकांचा फोन आला. “रेवा बेटा, फायरप्लेस पेटवली तर लिव्हिंग रूम फुल ऑफ स्मोक!”

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. रविवारचा विषय मिळाला होता.

केंब्रिजचं काम दुपारवर ढकलून परत हॅमिल्टन गाठलं. फायरप्लेसच्या वर, आतल्या बाजूला, एक अरुंद कट्टा असतो. वरून पडलेली काजळी तिथे साचते. तीच काढायची राहिली होती. वीस मिनिटांचं काम.

“काका, माय मिस्टेक,” रेवा म्हणाली. “वळणाचंच टेन्शन घेतलं. ते जमलं आणि सोपा चेक विसरले.” माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

“नेक्स्ट इयर पण तूच ये,” काका म्हणाले. “असं तोंडावर कोणी सांगत नाही गं.”

माझा नुसता जळफळाट झाला. ऑफिसात एक चूक झाकायला मी तीन मीटिंगा घेते. हिने एका वाक्यात कबूल केली, वर पुढच्या वर्षीचं कामही मिळवलं.

“ताई, आता चेकलिस्टमध्ये कट्टा सगळ्यात वर,” व्हॅन चालवताना ती एवढंच म्हणाली.

रविवारी घरी काजळीचा वास मारणारं जॅकेट बेसमेंटमध्ये टांगलं आणि फोन घेतला. “आई, तुझ्या रेवाने घोळ घातला बरं का.”

“हो गं, तिनेच सांगितलं काल. स्वतःहून!” आणि आई पुन्हा कौतुकाला लागली.

घाई मी केली होती, हे मात्र रेवाने तिला सांगितलेलं नव्हतं. मीही सांगितलं नाही. आई ब्लॉग वाचत नाही, म्हणून इथे लिहितेय.