सापळेवाल्याच्या घरी हॅमस्टर

आमच्या मंठा गावात उंदरांचा सगळ्यात मोठा वैरी कोण, असं विचारलं तर कुणीही पुंजाराम सुतारांचं नाव सांगेल. दारं-खिडक्या, पलंग, देवघरं तेही करतात, पण नाव झालं ते उंदराच्या सापळ्यामुळं. बाभळीच्या फळ्यांची पेटी, आत आकडा, दाराला स्प्रिंगची झडप. आकड्याला लावलेल्या भज्याला उंदरानं तोंड लावलं की खटकन दार बंद. माझं किराणा दुकान त्यांच्या घराला लागून आहे आणि माझ्या दुकानातल्या उंदरांना शेंगदाण्यापासून साबणापर्यंत सगळं चालतं, त्यामुळं आमचा संबंध जुना. काका सत्तरीला आलेत, बोलायला तिखट. सापळ्यात उंदीर येत नाही अशी तक्रार घेऊन कुणी आलं, तर ते सापळ्याकडं बघतच नाहीत. आधी गिऱ्हाइकाला वरपासून खालपर्यंत बघतात.

अशा माणसाच्या घरात त्यांच्या मुलानं, अंगदनं, गेल्या दिवाळीत लेकीसाठी जालन्याहून हॅमस्टर आणला. शीतल दहा वर्षांची. मोबाइलवर बघून बघून तिनं वर्षभर हट्ट धरला होता. पुठ्ठ्याच्या खोक्यातून मूठभर सोनेरी गोळा निघाला. शेपूट जवळजवळ नाहीच, गाल फुगलेले. शीतलनं तिथल्या तिथं त्याचं नाव लाडू ठेवलं.

काकांनी चष्मा नाकावर ओढून त्याला न्याहाळलं. "उंदीरच हाय ह्यो," ते म्हणाले. "शेपूट कापून इकलाय दुकानदारानं."

नंदाकाकूंनी तर कपाळावर हात मारला. "चाळीस वर्षं लोकं आपल्या दारात उंदीर मारायचं सामान न्यायला येऊन राह्यले. अन् आता आपणच उंदीर इकत आणला! काय म्हणतील लोकं?"

पण नातीचं तोंड पडलेलं काकांना बघवेना. "खोक्यात कसा राहील त्यो? पिंजरा मी करतो," असं म्हणून ते कामाला बसले. दोन दिवस दुसरं काही केलं नाही. सागाचे तुकडे रंधून घेतले, लाडूच्या अंगाला लागू नयेत म्हणून कडा घासून गुळगुळीत केल्या, बारीक जाळी ठोकली, तळाला लाकडाचा भुसा पसरला, वर एक माळा काढला, माळ्यावर जायला शिडी केली. माझ्या दुकानाचं फडताळ दोन वर्षांपासून 'उद्या करतो' म्हणतायत, त्याला अजून मुहूर्त नाही. उंदराला मात्र दोन दिवसांत दुमजली घर मिळालं.

शीतलनं लाडूला अलगद आत सोडलं, हात बाहेर घेतला आणि खटकन दार पडलं. लाडू वीतभर उडाला आणि कोपऱ्यात भुशात घुसला. काकांच्या हातानं सवयीप्रमाणं झडपेला स्प्रिंग बसवली होती. त्यांचं त्यांनाही कळलं नव्हतं.

"आबा, तुम्ही मुद्दाम केलं!" शीतल ओरडली. "तुम्हाला त्याला मारायचंच हाय!"

"न्हाई गं पोरी, हाताला सवय..."

"तुम्ही त्याच्याजवळ यायचं न्हाई. बिलकुल न्हाई!"

काकांनी पेचकस आणला, स्प्रिंग काढली, साधी कडी बसवली आणि ओसरीवर जाऊन बसले. अख्ख्या बाजाराला धारेवर धरणारा हा माणूस पुढं दोन दिवस त्या खोलीत गेला नाही. मला त्यांची खरंच दया आली.

लाडूची दया मात्र कुणाला आली नाही. नवीन कुणी घरी आलं की त्याला घटकाभरसुद्धा एकटं सोडायचं नाही, ही आमच्या गल्लीची रीत. दुसऱ्या दिवशी सकाळपासून रीघ लागली. कपाळावर हात मारणाऱ्या नंदाकाकूच आता जाळीवर बोट ठेवून 'हा बघा, हा बघा' करत होत्या. मागच्या गल्लीतल्या कौसल्याबाईंनी शंकरपाळे आणले. भिवा शिंप्यानं जाळीवर टिचक्या मारून शीळ घातली. कुणीतरी मोबाइलवर गाणं लावलं. खोटं कशाला बोलू, दुकानातलं एक बिस्किट मीही जाळीतून आत सारलं. शीतल तासातासाला त्याला उचलून छातीशी धरायची. शेवटी तो तिच्या बोटाला चावला. संध्याकाळपर्यंत शंकरपाळे, बिस्किट, काकडी, सगळं होतं तसं पडून होतं. लाडू भुशातून हलत नव्हता. अंगदनं जालन्याच्या दुकानदाराला दहा फोन केले, एकही उचलला नाही. रात्री शीतलही जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी काकांच्या ओसरीवर चहा घेत होतो. शीतल बाहेर आली. डोळे सुजलेले. आजोबांपुढं येऊन उभी राहिली.

"आबा, लाडू मरून राह्यलाय. तुम्हाला उंदरांचं कळतं ना? चला ना."

काका इतक्या घाईनं उठले की त्यांचा चहा माझ्या पायजम्यावर सांडला. आत जाऊन आधी त्यांनी सगळ्यांना हाकललं. "निघा जल्दी! जत्रा हाय का ही?" पिंजरा भिंतीच्या कोपऱ्याला सरकवला, तीन बाजूंनी धोतराचं फडकं टाकलं. करवंटीला दारासारखी खाच पाडून ती पालथी घातली, शेजारी कागदाचे कपटे टाकले. शंकरपाळे आणि माझं बिस्किट बाहेर गेलं. आत चिमूटभर ज्वारी, दोन शेंगदाणे, पाणी. शीतलच्या जुन्या रुमालाचा एक तुकडा करवंटीजवळ ठेवला, म्हणजे तिचा वास ओळखीचा होईल.

"आता तीन दिस कोणी हात लावायचा न्हाई," ते म्हणाले. "टक लावून बघायचं बी न्हाई. त्येला कळू द्या, की हितं खायला मिळतंय अन् कोणी धरत न्हाई. मंग त्यो सोताहून येतो."

मी चमकलो. हे शब्द माझ्या ओळखीचे होते. मी सापळा घेतला तेव्हा काकांनी मला हेच सांगितलं होतं. झडप तीन दिवस उघडी बांधून ठेवायची, आत रोज खायला ठेवायचं, उंदराला निर्धास्त येऊ-जाऊ द्यायचं. पुढचंही सांगितलं होतं. पण शीतलसमोर ते बोलायचं नसतं, एवढी अक्कल मला आहे.

तीन दिवस काका उंबऱ्यात बसून राहिले. भिवा आला तसा परत गेला. काकूंना झाडायलासुद्धा आत सोडलं नाही. पहिल्या दिवशी ज्वारीचे दाणे कमी झाले, दुसऱ्या दिवशी शेंगदाणे गेले. ते सांगायला शीतल पळत माझ्या दुकानात आली, आणि गिऱ्हाईक टाकून मी तिच्याबरोबर बघायला गेलो.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला काकांनी तिला पिंजऱ्यात तळहात पसरून ठेवायला लावला, त्यावर एक शेंगदाणा. आम्ही श्वास रोखून बसलो. करवंटीतून आधी नाक बाहेर आलं, मग मिशा, मग सगळा लाडू. त्यानं बोटं हुंगली, हातावर चढला, शेंगदाणा गालात कोंबला आणि तिथंच बसून तोंड पुसायला लागला. शीतलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिनं हात हलवला नाही.

"आबा," ती कुजबुजली, "तुम्हाला इतकं बराबर कसं ठाऊक?"

मी आढ्याकडं बघायला लागलो. म्हातारपणी कळतं सगळं, असं म्हणून काकांना सुटता आलं असतं. मी असतो तर सुटलो असतो. त्यांनी चष्मा काढला.

"जन्मभर हेच करत आलो, पोरी. तीन दिस खाऊ घालायचं, त्येंचं भ्या मोडायचं. अन् भरवसा बसला, की चौथ्या दिशी धरायचं." त्यांनी चष्मा धोतराला पुसला. "आज चौथा दिस हाय. सकाळधरून मला कसंतरीच होऊन राह्यलंय."

शीतलनं त्यांच्याकडं वळून बघितलं. आता पुन्हा यांना ओसरी दाखवते, असं मला वाटलं. तिनं हात जराही न हलवता मान तेवढी वाकवली आणि आजोबांच्या कानाशी अगदी हळू म्हणाली,

"आबा, हे त्याला सांगू नका."