उघडी मोटार आणि बंद खोली

माझ्या नवऱ्याला मी लोकांपासून लपवत होते. हे वाक्य लिहिताना आजही माझे कान गरम होतात. पण देवीच्या कृपेबद्दल लिहायचं आणि ती कृपा कसल्या बाईवर झाली ते मात्र गाळायचं, हा शुद्ध चोरपणा झाला. तेव्हा आधी माझी लाज सांगते, मग तिची दया.

आमचे हे रत्नागिरीत शाळेत चित्रकला शिकवायचे. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं. माणूस देखणा, कपड्यांना कडक इस्त्री, आणि बोलायला लागले की समोरच्याने चहा थंड करावा. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, ह्यांच्या डोक्यात भलतंच खूळ शिरलं. एका बंगल्याच्या मागे शेडमध्ये परदेशी बनावटीची जुनी स्पोर्ट्स कार कुजत पडली होती. बुटकी, दोनच माणसं मावतील अशी, वरचं कापडी छप्पर उंदरांनी फस्त केलेलं. सीटवर कोंबडी अंडी उबवत होती. मालक म्हणाले, न्या बाबा, जागा तरी मोकळी होईल. ह्यांनी ती टेम्पोत घालून आमच्या वाडीत आणली. “म्हातारचळ म्हणतात तो हाच हो,” मी म्हटलं. “अगं, म्हातारी तर ती आहे, मी कुठे?” हे त्यांचं उत्तर. खळ्याच्या, म्हणजे पुढच्या अंगणाच्या, कडेला नारळाच्या झापांचा मांडव घालून त्याखाली तिची स्थापना झाली. आमची हवा खारी, पत्र्याची नुसती चाळण झालेली. दोघं मिळून खरवडत बसायचो. गंज काढायचा, रेड ऑक्साइड मारायचं, पुट्टी भरायची, पुन्हा घासायचं. कार्ब्युरेटर पेट्रोलात बुडवून टूथब्रशने घासायचं काम माझ्याकडे. नावं ठेवता ठेवता मलाही त्या गाडीचा लळा लागला. लाल रंग तर ह्यांनी स्वतः मिसळून तयार केला, रातांब्याच्या सालीसारखा गडद.

रंग मारून झाला आणि ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. ज्या हाताने फळ्यावर एका रेषेत गोल काढायचे, तो मांडीवर पडून राहू लागला. बोलणं दोन-दोन शब्दांवर आलं, तोंड वाकडं झालं, आणि उजव्या कोपऱ्यातून लाळ गळायची ती सतत. डॉक्टर म्हणाले, ह्यांची इच्छा टिकली पाहिजे, बाकी सगळं त्यावर आहे. इच्छा एकच होती. “एकदा… बाजारातून,” हे म्हणायचे आणि डाव्या हाताने मांडवाकडे बोट करायचे. त्या एका आशेवर ते हातपाय हलवायचे, गिळताना कष्ट पडले तरी पेज संपवायचे. मी त्यांची खुर्ची गाडीपाशी न्यायची, ते बोटाने दाखवायचे, आणि मी वायरी जोडायची, प्लग काढून पुसायची. मी चुकले की “हं हं!” असं ओरडायचे. एका सकाळी इंजिन खोकलं, धूर ओकलं आणि चक्क धडधडू लागलं! दोघंही रडलो. थोड्या वेळाने ते बंद पडलं ते पडलंच. पाहिलं तर आतला रोटर तडकलेला. अंगठ्याएवढा तुकडा तो, पण प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज पोचवतो. तो नसेल तर गाडी म्हणजे कोंबडीचं खुराडंच. इथे मिळणारा नव्हता, बाहेरून मागवला.

तो आला, आणि मी तो लपवला.

का, ते सांगते. तो येण्याआधी आम्ही एका लग्नाला गेलो होतो. पंगतीत ह्यांच्या तोंडातून घास सांडला, लाळ पानात पडली, आणि शेजारच्या बाईने आपलं पान गुपचूप पलीकडे ओढलं. मी त्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखी झाले. तेव्हापासून कोणी भेटायला आलं की “आत्ताच डोळा लागलाय हो त्यांचा,” असं सांगून ओटीवरूनच वाटेला लावायची. घरात जे झाकता येत होतं ते त्या गाडीत कसं झाकणार? ना छप्पर, ना काचा. अख्ख्या रत्नागिरीच्या डोळ्यांसमोर सरांचं ते तोंड. नको गं बाई! मी डबी स्वयंपाकघरात फळीवर, लोणच्याच्या बरण्यांमागे सारली आणि रोज सांगत राहिले, “अजून आला नाही हो.” हळूहळू त्यांनी विचारणं सोडलं. मग व्यायाम सोडला. मग पेजेचा वाडगा अर्धा परत येऊ लागला आणि हे भिंतीकडे तोंड करून पडू लागले. माणूस माझ्या डोळ्यांदेखत विझत होता, त्याचं कारण मला ठाऊक होतं, तरी डबी बाहेर काढायला हात उचलत नव्हता. वर मी देवीपुढे उभी राहून म्हणायची, आई, तूच आता काहीतरी कर. निर्लज्जपणाला काही सीमा?

तेवढ्यात शिमगा आला. शिमग्यात आमच्या ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. ती येणार म्हणून मुंबईची माणसं सुट्टी काढून येतात, खळी सारवतात, रांगोळ्या पडतात. पालखी खांद्यावर नाचते, मग ओटीवर बसते, बायका खणानारळाने तिची ओटी भरतात. आमच्याकडे खूण काढायचीही रीत आहे. घरच्याने खळ्यात कुठेतरी नारळ पुरून ठेवायचा, पालखी खांद्यावर घेतलेल्यांना ठाऊक नसतो, आणि पालखी आपणहून ओढत ओढत त्या जागेवर जाऊन थांबते. तिथे खणलं की नारळ निघतो. त्या वर्षी माझ्या थोरल्या दिरांनी, म्हणजे भाऊंनी, सकाळीच तो रामफळाच्या बुंध्याशी पुरला.

पालखी म्हणजे सगळी वाडी दारात. मी ठरवून टाकलं. ह्यांना पडवीच्या टोकाच्या खोलीत बसवलं. “तुम्हाला गर्दी सोसणार नाही, गप्प बसा हं,” म्हटलं आणि बाहेरून कडी घातली. अंगावर विटकी बनियन होती तीच ठेवली. कोणी बघणारच नाही तर नवा शर्ट कशाला? आणि मी स्वतः नऊवारी नेसले, नथ घातली. देवीसाठी हो! आरशात बघताना मला काही वाटलंसुद्धा नाही.

उन्हं कलताना ढोल-सनई आली. पोरांनी गाडी ढकलून आणखी कडेला केली आणि पालखी खळ्यात नाचू लागली. खूण काढायची वेळ आली तशी ती एकदा तुळशीकडे गेली, एकदा विहिरीकडे. रामफळाच्या जवळून गेली तेव्हा भाऊ हसू दाबत होते. पण ती तिथे थांबली नाही. गर्रकन फिरली आणि सरळ पडवीकडे आली. पुढच्या दांडीला आमचा पुतण्या नंदू होता, त्याचे पाय घसरत होते. पालखी पडवीच्या टोकाला त्या बंद खोलीसमोर येऊन थांबली. मी धावत जाऊन दाराला पाठ लावून उभी राहिले.

“अरे, इकडे कुठे? खूण खळ्यात आहे.”

“ती खेचतेय गो काकी, आमच्या हातात काय नाय!” नंदू घामाघूम झाला होता.

“इथे काही नाही रे. अडगळ आहे नुसती.”

शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं, दाराच्या पलीकडे तो ऐकला गेला आहे. आतून काही आवाज आला नाही. मी सांगितलं होतं ना, गप्प बसा. बायको सांगते म्हणून माझा माणूस देवीची सनई ऐकत गप्प बसला होता. ढोल थांबला. पालखीची दांडी माझ्या खांद्याला येऊन टेकली, धक्का नव्हे, नुसती टेकली. मी वळून कडी धरली, ती निघेना. भाऊंनी पुढे होऊन ती काढली.

हे खाटेवर ताठ बसलेले होते. विटक्या बनियनवर लाळेचा ओला डाग. डावा हात जोडल्यासारखा छातीशी धरलेला, कारण जोडायला दुसरा उठत नव्हता. सगळी वाडी बघत होती आणि मी तिथे नथ घालून उभी होते. धरणी दुभंगावी आणि पोटात घ्यावं असं ऐकलं होतं, त्या दिवशी अक्षरशः मागितलं. नंदूने आणि बाकीच्यांनी पालखी खाली करून त्यांच्या उंचीला आणली. ह्यांनी डोकं टेकलं आणि तोंडातली लाळ देवीच्या शालूवर पडली. मी किंचाळून पदर घेऊन पुढे झाले, तर आमचे गुरव म्हणाले, “ऱ्हाऊदे वयनी. आईच्या पदराला पोराची लाळ लागायचीच.”

मी तिथेच बसले आणि मोठ्याने रडले. कोणी मला एका शब्दाने बोललं नाही. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

पोरांनी ह्यांना उचलून बाहेर आणलं. त्यांनी डाव्या हाताने गाडी दाखवली, पोरांनी तीत बसवलं. “काकी, चालू कर ना गो, देवीसमोर होऊन जाऊदे!” सगळ्यांचा गलका. हे नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी उठले, स्वयंपाकघरात गेले आणि डबी आणून सगळ्यांदेखत त्यांच्या हातात दिली. “आला हो तुमचा रोटर,” म्हणताना माझी मान वर होत नव्हती. ह्यांनी डबी नाकाशी नेली, हुंगली, आणि अर्धं तोंड हसलं.

“लोणचं,” ते म्हणाले.

बाकी कोणाला काही कळलं नाही. मला कळलं. डबी उघडून न बघता त्यांनी आधी हुंगली, म्हणजे त्यांना सगळं आधीपासून ठाऊक होतं. मी कशाला लाजते तेसुद्धा. म्हणूनच त्यांनी विचारणं सोडलं होतं. मी रोटर बसवला, झाकण लावलं, किल्ली फिरवली. इंजिन दुसऱ्या झटक्याला पेटलं आणि ढोलवाल्यांनी त्याच्या तालावर ढोल धरला. नंतर पालखी उठली ती चार पावलांत रामफळाशी गेली, आणि नारळ निघाला.

कोणी म्हणेल, नंदूला काका आत आहेत हे ठाऊक होतं, त्यानेच पालखी वळवली असेल. मी त्याला विचारलं. तो गळ्याची शपथ घेतो. मी वाद घालत नाही. ज्याने वळवली त्याचे पाय मी धरीन, माणूस असो की देवी. मी मात्र देवीचे धरते, कारण दाराशी उभी राहून खोटं मी तिच्याशीच बोलले होते. मी तिच्याकडे मागायची, माझा माणूस बरा कर. तिने तो होता तसाच माझ्या हवाली केला. स्वाधीन होणं म्हणजे हात जोडणं, असं मला वाटायचं. आधी दाराची कडी काढावी लागते, हे माझ्या गावीही नव्हतं. आई, तुझे उपकार फिटायचे नाहीत. लाज अजून गेलेली नाही, पण ती आता त्यांची वाटत नाही, माझीच वाटते, आणि तेवढी मला पेलते.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना इस्त्रीचा शर्ट घातला, स्टिअरिंगवर मी बसले आणि आम्ही निघालो. बाजारातून गेलो, आणि त्यांनी खूण केली म्हणून पुढे मिरकरवाड्याच्या बंदरावर. माशांचा लिलाव ऐन भरात होता. नेमकी तिथे, भर गर्दीत, गाडी आचका देऊन बंद पडली. टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बाया थांबल्या, बर्फाच्या गाडीवरची पोरं उतरली. “अरे, सर! आमचे सर!” करत माणसं भोवती गोळा झाली. ह्यांचं तोंड उन्हात चकाकत होतं. मी खाली उतरले, वळसा घालून त्यांच्या बाजूला गेले. आधी पदराने त्यांचं तोंड पुसलं, सावकाश, आणि मग बॉनेट उघडलं.