म्हैस, बगळा आणि सोनूबाईंची वही

सोनूबाई कांबळे गेली सोळा वर्षं उचगावातल्या आमच्या शाळेत मुलांचा दुपारचा भात शिजवतात. शिक्षण सातवीपर्यंत. मी या शाळेत बदलून आले, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत नेहमी असतो तो गलका मला कुठं ऐकूच आला नाही. व्हरांड्यात ऐंशी मुलं ताटं घेऊन बसलेली, भात निवत ठेवलेला, आणि सोनूबाई उलथनं हातात धरून गोष्ट सांगत होत्या.

गोष्ट त्यांचीच होती. एक म्हातारी म्हैस. तिच्या पाठीवर रोज एक बगळा बसायचा आणि वरून दिसेल ती गावाची खबर तिला सांगायचा. म्हैस त्याला दिवसभर टाकून बोलायची, पण तो पडेल म्हणून माशा बसल्या तरी अंग हलवायची नाही. शेवटी एक दिवस म्हैस उठतच नाही. बगळा उडून जातो. गोष्ट संपते.

“ही लिहून द्या की,” मी म्हटलं. “भित्तिपत्रकावर लावू.”

“मला कुठलं जमतंय, मॅडम,” त्या म्हणाल्या. पण आठ दिवसांनी घडी घातलेला एक कागद माझ्या टेबलावर ठेवला.

मी तो तिसरीच्या वर्गात वाचून दाखवला. ‘एका गावात एक प्रामाणिक म्हैस होती. तिला एक विश्वासू मित्र होता.’ चौथ्या ओळीला मुलं पेन्सिलींना टोकं करायला लागली. सोनूबाई दारातच उभ्या होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला.

“हे तर तुमच्या पुस्तकागत झालं,” म्हणाल्या आणि भांडी घासायला गेल्या.

मला वाटलं, विषय संपला. पण दोन दिवसांनी त्यांनी माझ्याकडं एक कोरी वही मागितली. तेव्हापासून दुपारची भांडी आवरली की त्या अर्धा तास चुलीशेजारच्या पाटावर बसून लिहायच्या. कसं लिहिता, म्हणून एकदा मी विचारलं.

“सांगताना पोरांकडं बघायचं,” त्या म्हणाल्या. “गोष्ट गोड लागली की घास गालात तसाच ऱ्हातोय. चावायचं इसरत्यात. त्या वक्ताला मी काय बोललो, ते तेवढंच लिवायचं. आणि जिथं पोरं भात मागत्यात, तिथलं खोडायचं.”

कोल्हापूरकडच्या पुष्कळ बायकांसारख्या सोनूबाईही स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात.

“एका दमात लिहून का टाकत नाही?”

“कागदाला तोंड न्हाय, मॅडम. म्हणून आधी पोरांची तोंडं बघून घ्याय लागत्यात.”

एका पानाला आठवडा लागायचा. ‘प्रामाणिक’ गेलं, ‘विश्वासू’ गेलं. म्हशीच्या कानात केस होते आणि बगळ्याला ते खुपायचे, हे आलं. गणपतीपर्यंत शेवट सोडून सगळी गोष्ट वहीत उतरली होती.

त्याच सुमारास दुसरीतल्या दानेश्वरीचे वडील हायवेवर अपघातात गेले. पंधरा दिवसांनी ती शाळेत आली. वर्गात बसायची, विचारलं तर मान हलवायची, बोलायची नाही. त्या आठवड्यात मुलांनी पुन्हा म्हशीची गोष्ट मागितली आणि सोनूबाईंनी नेहमीसारखी सांगितली. म्हैस उठली नाही, इथपर्यंत आल्यावर दानेश्वरी ताट ठेवून उभी राहिली.

“तिला उठवा,” ती म्हणाली. “मावशी, तिला जिती करा.”

सोनूबाई भात वाढायला लागल्या.

मग वही बंद झाली. तीन आठवडे त्या पाटावर नुसत्या बसायच्या. मी म्हटलं, “एका मुलीसाठी शेवट बदलला तर बिघडतं काय? गोष्टच आहे.”

“बदलायला काय लागतंय,” त्या म्हणाल्या. “एक वळ तर हाय.”

आणि त्यांनी ती ओळ लिहिली. सकाळी म्हशीनं डोळे उघडले आणि बगळ्याला म्हणाली, किती वेळ झोपू दिलंस रे मला. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात त्यांनी हा नवा शेवट सांगितला. मुलांनी ताटं वाजवली. दानेश्वरी मात्र खाली बघत होती.

“काय झालं गं?” सोनूबाईंनी विचारलं. “उठली की म्हस.”

“खोटं हाय,” दानेश्वरी म्हणाली. “आमच्या पप्पांना पण सगळी उठतील, उठतील म्हणत होती.”

मला वाटलं, आता मुलीला जवळ घ्यावं, विषय बदलावा. सोनूबाई तिच्यासमोर फरशीवर मांडी घालून बसल्या. मोठ्या माणसाला विचारावं तसं त्यांनी तिला विचारलं, “चुकलं माझं. मग तूच सांग. म्हस न्हाय उठली. आता बगळा काय करंल?”

दानेश्वरीनं ताट बाजूला सरकवलं.

“तो कुणाच्याच पाठीवर बसणार न्हाय,” ती म्हणाली. “चालतच हिंडंल.”

“उडायचा बी न्हाय?”

“न्हाय. चालतच.”

“पाय दुखतील की त्याचे.”

“दुखू देत.”

त्या दुपारी सोनूबाईंनी भांडी तशीच ठेवली आणि आधी वही उघडली. गोष्टीतला बगळा गावभर चालत हिंडायला लागला. त्याला बघून बेडकं हसली. त्याचे पाय सुजले. म्हशी त्याला म्हणायच्या, बस की रं पाठीवर. तो म्हणायचा, मला चालायचंय. असं किती दिवस, हे सोनूबाईंनी कुठंच लिहिलं नाही. मग एकदा शेतात नांगरट चालू होती. मातीतनं किडे वर येत होते म्हणून बगळा ट्रॅक्टरच्या मागं चालला, चालता चालता दमला आणि सहज टपावर जाऊन बसला. पाठ कडक होती, पण ऊन लागून गरम झाली होती. टपावरनं त्याला सगळा गाव दिसला आणि कुणी विचारलं नसताना तो गावाची खबर सांगायला लागला.

ही गोष्ट त्यांनी सांगितली, तेव्हा मी त्यांच्यासारखीच मुलांच्या तोंडांकडं बघत होते. दानेश्वरीचा घास गालात होता.

दोन दिवसांनी तिची आई शाळेत आली. “शिवलीला मॅडम, काय सांगितलासा हिला?” मी घाबरले. “काल रात्री जेवताना पहिल्यांदा पप्पांचं नाव काढलं तिनं. किती बोलली. रडलो आम्ही दोघी. पण बोलली.”

मी वहीतली गोष्ट टाइप करून कोल्हापुरातल्या एका छोट्या प्रकाशकाकडं पाठवली. तिथं राजवर्धन म्हणून एक तरुण संपादक होते. त्यांना गोष्ट आवडली, पण मजकूर परत आला तो लाल खुणांनी भरून. ‘मी दमलो’ असं म्हणणाऱ्या म्हशीला त्यांनी ‘मी दमले’ म्हणायला लावलं होतं. शेवटी ‘या गोष्टीतून आपण काय शिकलो?’ असा एक चौकोनही टाकला होता. सोनूबाईंना घेऊन मी त्यांच्या ऑफिसात गेले.

“मुलांनी शुद्ध वाचावं, एवढंच माझं म्हणणं,” राजवर्धन म्हणाले. “आणि म्हैस बाई आहे ना?”

“आमच्याकडं बायका बी असंच बोलत्यात,” सोनूबाई म्हणाल्या. “म्हशीचं काय घिऊन बसलासा? मधलं सांगणं तुमच्यागत शुद्ध करा, माझी हरकत न्हाय. पण म्हस बोलताना तिला बोलू द्या.”

“आणि हा चौकोन?”

“त्यो काढा. काय शिकलो ते पोरीला ठाव हाय, मला न्हाय.”

राजवर्धननी पुन्हा एकदा गोष्ट वाचली, या वेळी मोठ्यानं. म्हशीच्या वाक्यांना त्यांना हसू आलं. चौकोन गेला. निवेदन सरळ मराठीत राहिलं आणि जनावरं आपापलं बोलली.

पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. बत्तीस पानं, मुखपृष्ठावर ट्रॅक्टर. आम्ही ते शाळेच्या व्हरांड्यातच प्रकाशित केलं, पण दुपारी. त्यामुळं सोनूबाई वाढण्यात गुंतल्या होत्या. हात पुसून त्या दोन मिनिटं आल्या, पुस्तक उलटंसुलटं करून बघितलं आणि अण्णासोंच्या, त्यांच्या नवऱ्याच्या, हातात देऊन परत गेल्या. अण्णासोंनी भिंतीला टेकून एकेका अक्षरावर बोट ठेवत ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

आता सोनूबाईंना दुसऱ्या शाळांची बोलावणी येतात. मागच्या महिन्यात आम्ही वारणानगरला गेलो होतो. गोष्ट झाल्यावर तिथल्या एका शिक्षकांनी विचारलं, नवीन काय लिहिताय?

“पाण्याच्या टाकीवर चढलेल्या शेळीचं चाललंय,” सोनूबाई म्हणाल्या. “चार महिनं झालं, वरच हाय. खाली कशी येतीया, पत्ता न्हाय अजून.”

मग त्या समोरच्या मुलांकडं वळल्या आणि एकेकाला विचारायला लागल्या.