साडभाऊंच्या खेळातली ग्रामसभा

आमच्या साडभाऊंइतका राजकारणाला भिणारा माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे धुंडाळले तरी दुसरा सापडणार नाही, हे मी बावीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एटापल्लीच्या बाजूला एका आश्रमशाळेत त्यांनी एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. चहाच्या टपरीवर कोणी निवडणुकीचा विषय काढला की ते अर्धा कप तसाच टाकून उठतात. त्यांच्या निवृत्तीच्या सत्काराला तालुक्यातले एक पुढारी आले होते. त्यांच्यासोबत फोटोत येऊ नये म्हणून साडभाऊ शाल घेताना इतके वाकले, की अल्बममधल्या सातही फोटोंत नुसती शाल दिसते. असा माणूस पुढे तीन वर्षं खपून मोबाइलवरचा एक गेम तयार करील आणि नेमका तोच गेम राजकीय आहे म्हणून अडेल, हे कोणाला खरं वाटलं नसतं.

गेमचा नाद त्यांना निवृत्तीनंतर लागला. पुण्याच्या मुलीने जुना लॅपटॉप दिला आणि त्यात चार-पाच खेळ घालून दिले. वेळ जावा हा हेतू. पण साडभाऊ कुठलाही खेळ खेळल्यासारखा खेळत नाहीत. बंदुकीच्या खेळात ते बंदूक खाली ठेवून जंगल बघत फिरतात. मी त्यांच्या घरी गेलो असताना त्यांनी शत्रूच्या छावणीशेजारी वीस मिनिटं एका झाडाखाली घालवलेली मी घड्याळ लावून पाहिली आहेत. शेवटी शत्रूने त्यांना मारलं. त्याचं काही नाही. ते मला म्हणाले, "साडभाऊ, पाहा, पाऊस चालू आहे आन पळसाले फुलं! याहीले कोनी सांगनारं नाई काय?" आम्ही दोघेही एकमेकांना साडभाऊच म्हणतो, त्यामुळे आमच्या घरात हाक मारली की नेहमी दोघे उठतात. पळसाबद्दल त्यांनी त्या परदेशी कंपनीला मराठीतून पत्र लिहिलं, सोबत फांदीचं चित्र काढून. उत्तर आलं नाही. त्यांनी स्मरणपत्र पाठवलं. त्याचंही उत्तर येईना, तेव्हा त्यांनी स्वतःच गेम करायला घेतला; चित्रं आणि नियम त्यांचे, संगणकाचं काम पुण्याच्या मुलीचं.

खेळाच्या गोष्टीत राजकीय संदेश असावा की नसावा, यावर त्यांचं मत पक्कं होतं: नसावा. त्यामागे त्यांचा स्वतःचा अभ्यास होता. शाळेत रोज सकाळी फळ्यावर सुविचार लिहिण्याचं काम त्यांच्याकडे होतं, अक्षर चांगलं म्हणून. वर्षाचे दोनशे वीस दिवस धरले तर एकतीस वर्षांत सहा हजार आठशे वीस सुविचार होतात. हा हिशेब मी त्यांना करून दिला. निवृत्तीनंतर जो जुना विद्यार्थी भेटेल त्याला ते एकच प्रश्न विचारू लागले, की एखादा तरी आठवतो का. त्रेपन्न जणांना विचारलं. बावन्न जणांना एकही आठवेना. एकाने एक घडाघडा म्हणून दाखवला, तो एसटीच्या पाठीवर लिहिलेला निघाला. तेव्हापासून साडभाऊ म्हणत, "सांगून काई जात नाई, साडभाऊ. खेळाले खेळासारकं राहू द्या. खेळात उपदेश घातला का पोरगं उठून जाते."

माझंही मत तेच, पण कारण वेगळं. मी दिवसभर कार्यालयात परिपत्रकं वाचतो. घरी आलं की आमच्या चोवीस बिऱ्हाडांच्या इमारतीचा सचिव म्हणून तक्रारी वाचतो. हे पद मला दुसरं कोणी घेत नाही म्हणून मिळालं आहे. सभेची सूचना मी जिन्याजवळच्या फलकावर नियमाप्रमाणे सात दिवस आधी लावतो आणि सभेला तीन माणसं येतात, त्यातला एक मी. एवढं झाल्यावर मी मोबाइलवर रंगीत गोळे फोडतो. त्या गोळ्यांनी मला समाजाबद्दल काही सांगू नये, एवढीच माझी अपेक्षा असते. म्हणजे आमचं दोघांचं एकमत होतं. तरी आम्ही तीन वर्षं भांडलो, याचं कारण त्यांचा गेम.

गेममध्ये जंगलातलं एक गाव आहे, छत्तीस घरांचं. शेजारी एक डोंगर. डोंगरावर लोखंडाच्या खाणीसाठी रस्ता करायचा की नाही, हे गावाने ठरवायचं. डोंगराला त्यांनी नाव दिलं नव्हतं, आणि त्यांच्या भागातल्या माणसाला ते विचारावंही लागलं नसतं. मी म्हटलं, "हे राजकारण नाही तर काय आहे?" ते दुखावले. "मी कोनाची बाजू घेतली काय? मोजून पाहा." मी मोजलं. रस्ता झाला तर काय होईल याची चौदा चित्रं होती आणि न झाला तर काय होईल याचीही चौदा. रस्ता झाला की दोन जणांना काम लागतं, दवाखान्याची गाडी दारापर्यंत येते आणि नाल्याचं पाणी लाल होतं. रस्ता नाही झाला की पाणी निर्मळ राहतं आणि मास्तर बदली करून घेतो. झुकतं माप कुठेच नव्हतं. हे मी त्यांना लिहून दिलं.

पण ती चित्रं मला त्यांनी वहीत दाखवली, खेळात ती मला दिसलीच नाहीत. कारण तिथवर मी पोचू शकलो नाही. निर्णय ग्रामसभेत व्हायचा, आणि घरटी एक माणूस येऊन बसल्याशिवाय सभा सुरूच होणार नाही, असा त्यांनी नियम घातला होता. परीक्षक म्हणून त्यांनी मला नेमलं होतं, मला न विचारता. मी खेळात शिरलो की शाळेच्या भिंतीवर सूचना लावायचो आणि मोहाच्या झाडाखाली जाऊन बसायचो. चार माणसं यायची, कधी सहा. मग ऊन उतरायचं आणि सभा तहकूब. मी नोंद ठेवली आहे: एक्केचाळीस वेळा तहकूब, सर्वाधिक उपस्थिती अकरा. ऑफिसातून दमून येऊन मी एका काल्पनिक गावाच्या गणसंख्येची वाट बघत बसतो, हे पाहून बायको म्हणाली, "खऱ्या सभेले तीन येतात, इथं अकरा आले. खुश राहा ना."

साडभाऊंना फोन केला की ते म्हणत, "तुमी काईतरी चुकून राह्यले." काय चुकतं ते सांगत नसत. खेळ कसा खेळायचा हे चार ओळींत लिहा, अशी मी विनंती केली. ते भडकले. "म्हंजे पुन्हा सुविचारच झाला! लिहिनार नाई."

अशा अवस्थेत तो गेम मुलीने नागपूरच्या एका कंपनीकडे पाठवला. ही मंडळी शाळांच्या टॅबलेटमध्ये खेळ घालून देतात. साडभाऊंची झाडं, हरणं, पावसाचे रंग त्यांना फार आवडले. राज्यभरच्या शाळांत पोचवू म्हणाले. अट एकच. ग्रामसभेचा भाग राजकीय वाटतो, तो काढा. त्याऐवजी 'परवानगी मिळाली' असं एक बटण ठेवा, म्हणजे मूल दाबून लगेच पुढे जाईल. सोमवारपर्यंत कळवा. ज्याने जन्मभर राजकारणाकडे पाठ फिरवली त्याला हे ऐकावं लागलं. एका बाजूला तीन वर्षांचं काम आणि हजारो मुलं, दुसऱ्या बाजूला एक बटण. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीने, फोनवर सांगितलं की ते जेवत नाहीत, अंगणात बसून आंब्याकडे बघतात.

शनिवारी ते आमच्याकडे चंद्रपूरला आले. सोबत त्यांच्या आश्रमशाळेत पूर्वी स्वयंपाक करणाऱ्या बाई होत्या, सत्तरीच्या घरातल्या, शाळेपलीकडच्या माडिया आदिवासींच्या गावातल्या. साडभाऊंनी त्यांना डोळे दाखवायला आणलं होतं. दवाखान्यातून चष्मा घेऊनच दोघे घरी आले. बाई नव्या चष्म्यातून आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर, पंखा आणि माझं टक्कल सारख्याच कुतूहलाने बघत होत्या.

"बटण ठेवून टाका," मी साडभाऊंना सांगितलं. मला खरोखर कंटाळा आला होता. "तुम्हीच म्हणता ना, संदेश नको? मग सभा गेली तर बिघडलं कुठं?"

"सभा म्हंजे संदेश नोहे, साडभाऊ. गावात सभा होते म्हनून टाकली. घराले दार असते म्हनून दार काढलं, तसंच."

"पण ती होतच नाही ना! एक्केचाळीस वेळा!" मी मोबाइल काढून दाखवला. माझ्या सवयीप्रमाणे सूचना लावलेली, झाडाखाली पाच माणसं.

बाईंनी चष्मा सावरून मान पुढे केली. "बाकीचे लोक कुठी हायेत?"

"आले नाहीत," मी म्हणालो.

"बोलावलं काय?"

"सूचना लावली आहे ना."

बाई साडभाऊंकडे बघून हसल्या. "मास्तर, तुमचे हे भाऊ शिकलेले हायेत ना? सूचनेनं कोन येते, भाऊ? घरी जावं लागते."

त्यांनी मोबाइल हातात घेतला. बोट कसं फिरवायचं हे माझ्या बायकोने दाखवलं. बाई पहिल्या घरी गेल्या. दार ठोकल्यावर दार उघडलं. मला तीन वर्षांत ती दारं उघडतात हे माहीत नव्हतं. मला ती चित्रं वाटत होती. एका घरी बाईमाणूस म्हणाली, शेळ्यांना पाला टाकून येते. बाई तिच्या अंगणात थांबल्या, शेळ्या खाईपर्यंत. मी 'पुढे चला' म्हटलं तर म्हणाल्या, "थांबा ना. असं गेलं तं तिले वाईट वाटते." पस्तीस माणसं झाली. छत्तिसाव्या घरात एक म्हातारा होता, तो दाराशी आला आणि परत आत गेला.

"पाय दुखत असन याचे," बाई म्हणाल्या. "सभा याच्या आंगनात घ्या."

त्यांनी सगळ्या गावाला म्हाताऱ्याच्या अंगणात नेलं. गाव गेलं. म्हातारा उंबऱ्यावर येऊन बसला आणि सभा सुरू झाली. मी साडभाऊंकडे पाहिलं. ते रुमालाने चष्मा पुसत होते, बराच वेळ.

"हे मला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"त्यात काय सांगाचं? सगळ्याइले मालूमच असते ना."

आता पडद्यावर दोन बटणं आली: रस्ता हवा, रस्ता नको. बाईंनी दोन्ही वाचून घेतली, बायकोकडून. थोडा वेळ बघितलं आणि मोबाइल साडभाऊंच्या हातात दिला.

"दाबा ना, बाई," साडभाऊ म्हणाले.

"मी एकटी कशी दाबू, मास्तर? एवढे लोक बोलावले तं कायले बोलावले?"

साडभाऊ त्या दोन बटणांकडे पाहत राहिले. मग एकदम म्हणाले, "चुकलं माझं." आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांनी जेवायला मागितलं.

सोमवारी त्यांनी नागपूरला फोन केला. तुमचं बटण ठेवत नाही, उलट एकट्याने दाबायची माझी दोन बटणंही काढतो, असं ते म्हणाले. तिकडच्या माणसाला ते कळलं नाही, आणि गेम शाळांत गेला नाही. अठ्ठावीस चित्रं वहीतच राहिली. आता तो माझ्या माहितीप्रमाणे नऊ मोबाइलमध्ये आहे. त्याला शेवट नाही. सगळे जमले की म्हाताऱ्याच्या अंगणात बसतात, बोलत राहतात, झाडावरून पानं पडतात, बस्स. संध्याकाळी मी गोळे फोडण्याऐवजी कधी कधी तोच उघडतो. छत्तीस दारं ठोकायला चाळीसेक मिनिटं लागतात. घाई करणारं कोणी नसतं.

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीची पाण्याच्या टाकीसाठी सभा होती. मी सूचना नियमाप्रमाणे लावली आणि मग, का कोण जाणे, वरच्या मजल्यापासून दारं ठोकत आलो. चोवीसपैकी एकोणीस बिऱ्हाडं आली. हे मी साडभाऊंना फोनवर सांगितलं, आनंदाने, आकड्यासकट. पलीकडून घाबरलेला आवाज आला, "म्हंजे माह्या खेळातून तुमाले संदेश गेला काय?"

"तसंच म्हणावं लागेल."

"अरे बापा," ते म्हणाले. त्यांना आता डोळ्यांचा त्रास आहे. खेळातली पानं काढताना मध्येच थांबावं लागतं, असं ताई सांगतात. मग त्यांनी हळूच विचारलं, "पाय दुखनारं कोनी होतं काय तुमच्या इथी?"

"तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा. सभा त्यांच्या दारापुढे, जिन्यावर घेतली."

"बसाले जागा पुरली?"

"पुरली," मी म्हटलं.